प्लग लावण्याची घाई नको : एका पॅक-मॅन मशीनची दुरुस्ती

जुनं आर्केड मशीन हाती आलं की बहुतेक जण सगळ्यात आधी एकच गोष्ट करतात : मशीनची वायर भिंतीतल्या सॉकेटात खुपसतात. वर्षानुवर्षं गॅरेजच्या ओल्या कोपऱ्यात उभं असलेलं ते मशीन दोन-चार सेकंद उजळतं, कुठूनतरी जळका वास येतो, आणि थोडक्यात भागलं असतं ते काम कित्येक महिन्यांवर जातं. या मशीनांचं जितकं नुकसान ओलीने आणि उंदरांनी केलं, तितकंच उतावीळ नव्या मालकांनी केलं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून इथे जो क्रम सांगतो आहे, त्यात वीज बरीच उशिरा येते.

उदाहरण म्हणून पॅक-मॅनचं मशीन घेऊ. जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी हा गेम रचला. १९८० च्या मे महिन्यात तो टोकियोत पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि त्याच वर्षी शिकागोजवळच्या मिडवे कंपनीने परवाना घेऊन अमेरिकेत त्याची उभी पिवळी कॅबिनेटं बनवायला घेतली. पुढच्या काही वर्षांत अशी जवळपास एक लाख कॅबिनेटं बाहेर पडली. एवढी संख्या असल्यामुळे त्यातली बरीचशी आजही अमेरिकेतल्या तळघरांत आणि गोदामांत सापडतात, सुटे भाग मिळतात, मूळ सर्किटचे नकाशेही मिळतात. हे काम शिकायचं असेल तर याहून चांगलं मशीन नाही.

यातला प्रोग्रॅम अवघा १६ किलोबाइटचा आहे. त्याची नक्कल कोणत्याही फोनवर चालते, तो हरवण्याची भीती नाही. पेटीचं लाकूड, बाजूला स्टेन्सिलने रंगवलेलं चित्र, काचेची पिक्चर ट्यूब, हजारो हातांनी वापरलेला जॉयस्टिक यांची मात्र नक्कल होत नाही. दुरुस्ती करायची ती यांची, हे डोक्यात पक्कं असलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

मशीन घरी आल्यावर मागचं दार उघडायचं. किल्ली बहुधा हरवलेलीच असते, मग कुलूप ड्रिलने पोखरून काढावं लागतं. दार उचकटून काढू नये, कारण त्यात लाकडाचा कोपरा फुटतो आणि तो जोडणं कुलुपापेक्षा कितीतरी महागात पडतं. आत उंदरांच्या लेंड्या आणि बुरशी असण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा मास्क आणि हातमोजे घालायचे. काहीही हलवण्याआधी प्रत्येक कनेक्टरचे, प्रत्येक वायरच्या रंगाचे फोटो काढायचे. मग फ्यूज एकेक करून काढून त्यांवरचा आकडा नकाशाशी ताडून पाहायचा. जुन्या पार्लरमध्ये मशीन बंद पडलं की कमाई बंद, त्यामुळे फ्यूज वारंवार उडू लागला की तिथे जाड फ्यूज बसवून टाकण्याची पद्धत होती. फ्यूजच्या जागी चांदीसारखा चमकणारा कागद गुंडाळलेला दिसला, तर त्या वाटेवर पुढे काहीतरी नक्की जळलेलं आहे असं समजायचं. मागच्या दारापाशी एक सुरक्षा-स्विच असतो, दार उघडलं की वीज तोडणारा. तोही कुणीतरी वायरने जोडून निकामी केलेला आढळतो. तो आधी पूर्ववत करायचा.

आता मॉनिटर बाहेर काढायचा, आणि इथे जिवाचा प्रश्न आहे. पिक्चर ट्यूब म्हणजे काचेचा मोठा कपॅसिटरच. चालू असताना तिच्यावर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यानंतरही तो भार बराच काळ टिकून राहू शकतो. प्लग काढलेला असताना, प्लास्टिकच्या जाड मुठीच्या लांब चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला वायर जोडायची आणि तिचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून जाणाऱ्या विणलेल्या उघड्या तारेला अडकवायचं. एक हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे चुकून वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीवाटे जाणार नाही. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक रबरी टोपीखाली सरकवून आतल्या धातूच्या क्लिपला टेकवायचं. कधी ठिणगीचा आवाज येतो, कधी येत नाही. काही मिनिटांनी हेच पुन्हा करायचं, कारण काच थोडा भार परत वर आणते. पहिल्या वेळेला हे एकट्याने करू नये. आपल्याकडे जुन्या टीव्ही मेकॅनिकांच्या हातात हे कौशल्य मुरलेलं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या आसपास अजूनही अशी माणसं भेटतात. त्यांच्या शेजारी बसून एकदा पाहिलं, तरी पुस्तक वाचून येत नाही ती सावधगिरी येते. ट्यूब उचलताना तिची मागची बारीक मान कशालाही लागू द्यायची नाही. ती मोडली की आत हवा शिरते आणि ट्यूब कायमची गेली. काचेची अशी नवी ट्यूब आता बाजारात येत नाही.

बोर्ड, मॉनिटर आणि वायरिंग बाहेर आलं की पेटी सुताराच्या हाती आणि बाकीचं टेबलावर, अशी दोन कामं शेजारी-शेजारी चालवता येतात. गोंद आणि रंग वाळायला वेळ लागतो, तेवढ्यात इलेक्ट्रॉनिक्स उरकतं.

वीजपुरवठ्यापासून सुरुवात करू. पेटीच्या तळाशी एक जड ट्रान्सफॉर्मर आहे. तो मॉनिटरला घरातल्या विजेपासून अलग केलेला पुरवठा देतो. हे अलगपण महत्त्वाचं आहे, कारण या मॉनिटरांची चॅसिस मेन विजेपासून स्वतः अलग नसते, आणि हा ट्रान्सफॉर्मर टाळून थेट प्लगवर मॉनिटर तपासू गेलं तर धातूचा सांगाडाच जिवंत होतो. गेमच्या बोर्डाकडे मात्र हा ट्रान्सफॉर्मर सुमारे ७ व्होल्टचा एसी पाठवतो आणि त्याचा डीसी करण्याचं काम बोर्डावरच होतं. मिडवेच्या पॅक-मॅनचं सगळ्यात प्रसिद्ध दुखणं इथूनच सुरू होतं. बोर्डाच्या कडेला ४४ पिनांचा कनेक्टर आहे आणि सगळा प्रवाह त्यातल्या मोजक्या पिनांतून जातो. काळाबरोबर पिनांवर ऑक्साइडचा थर चढतो, थरामुळे रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते, उष्णतेने पिनांची स्प्रिंग सैल पडते, आणि सैल पिन अजून तापते. शेवटी प्लास्टिक तपकिरी होतं, मग काळं, मग बोर्डावरची तांब्याची पट्टीच उचलली जाते. असं मशीन उघडल्यावर त्या कोपऱ्याचा जळका रंग लगेच नजरेत भरतो.

फक्त बोर्डाच्या पट्ट्या घासून कनेक्टर परत खुपसला तर मशीन काही दिवस चालतं आणि पुन्हा जळतं. कनेक्टर नवा घालायचाच, आणि तापलेल्या वायरची टोकं जिथपर्यंत काळी पडली आहेत तिथपर्यंत कापून नवी वायर जोडायची. बोर्डावरच्या पट्ट्या साफ करून, गेलेल्या ठिकाणी तांब्याची पातळ पट्टी चिकटवून सोल्डर करायची. काही जण याच वेळी बोर्डाला स्वतंत्र ५ व्होल्टचा आधुनिक पुरवठा देतात, म्हणजे तो प्रवाह त्या पिनांतून जातच नाही. मला हा बदल मान्य आहे, पण एका अटीवर : मूळ भाग टाकायचे नाहीत आणि बदल असा करायचा की पुढच्या माणसाला तो काढता येईल. वीज वाहणाऱ्या भागांत हळवं व्हायचं नाही, जुनी मेन वायर, तडकलेलं इन्सुलेशन, सैल फ्यूज-होल्डर सगळं बदलायचं. हळवेपणा लाकडासाठी आणि रंगासाठी राखून ठेवायचा.

अमेरिकेतून असं मशीन पुण्या-मुंबईला आणणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथला पुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि ६० हर्ट्झसाठी बांधलेला लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. पहिले काही तास त्याच्या तापमानावर लक्ष ठेवायचं. गेमचा वेग मात्र बदलत नाही, कारण तो भिंतीतल्या विजेवर अवलंबून नसून बोर्डावरच्या १८.४३२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालतो. त्याला ६ ने भागून झेड-८० प्रोसेसरला ३.०७२ मेगाहर्ट्झचे ठोके मिळतात.

बोर्डाला पहिल्यांदा वीज द्यायची ती मॉनिटरशिवाय, आणि ५ व्होल्ट मोजायचे ते पुरवठ्याच्या टोकाशी नव्हे तर बोर्डावरच्या चिपच्या पायावर. वाटेत अर्धा व्होल्ट गळाला तरी सगळे विचित्र दोष दिसू लागतात आणि माणूस धडधाकट चिपा बदलत बसतो. ४.९ ते ५.१ च्या दरम्यान आकडा स्थिर असला की पुढे जायचं.

मॉनिटर जोडल्यावर पडद्यावर उलटसुलट अक्षरांचा आणि रंगांचा कचरा दिसला तर पुष्कळ जण घाबरतात. मला तो शुभशकुन वाटतो. या बोर्डावर चित्र रंगवणारं सर्किट आणि विचार करणारा प्रोसेसर वेगवेगळे काम करतात. कचरा दिसतो म्हणजे चित्राची बाजू चालते आहे, तिला दाखवायला काय आहे हे सांगणारा प्रोसेसर तेवढा अडकला आहे. तो अडकला की वॉचडॉग नावाचं सर्किट त्याला ठरावीक वेळाने पुन्हा सुरू करतं, त्यामुळे पडद्यावरचा कचरा एका लयीत बदलत राहतो. ती लय दिसली की लॉजिक प्रोब हातात घ्यायचा. झेड-८० च्या ६ नंबरच्या पायावर ठोके येताहेत का, २६ नंबरच्या पायावरचा रीसेट किती वेळाने खाली जातो, ११ वर ५ व्होल्ट आहेत का, एवढं पाहिलं की बऱ्याच शक्यता गळतात.

त्यानंतर सॉकेट. प्रोग्रॅम ४ किलोबाइटच्या चार चिपांत आहे आणि त्या सॉकेटात बसवलेल्या असतात. नामकोच्या खास चिपा तर छोट्या उपबोर्डांवर असून ते उपबोर्डही सॉकेटातच उभे असतात. त्या काळातले हे सॉकेट फारसे चांगले नव्हते. चिप काढून तिचे पाय साफ करून परत बसवल्याने दोष जातो आणि आठवड्याने परत येतो, असं झालं तर सॉकेटच बदलायचा. जुना सॉकेट काढताना घाई केली तर त्याच्याबरोबर बोर्डावरची वाट उखडते. डीसोल्डरिंग पंपाने प्रत्येक पाय मोकळा हलतो आहे याची खात्री झाल्याशिवाय ओढायचं नाही. रॅमच्या २११४ चिपा हमखास मरतात. प्रोग्रॅम सुरू होताच आधी स्मृतीची तपासणी करतो आणि दोष आढळला तर पडद्यावर तसं सांगतो, त्यामुळे प्रोसेसर एकदा धावू लागला की उरलेले दोष शोधायला तो स्वतःच मदत करतो. याच काळातल्या विल्यम्स कंपनीच्या डिफेंडर, रोबोट्रॉन अशा मशीनांत गुण साठवण्यासाठी पेन्सिल सेल असत आणि ते गळून बोर्ड खाऊन टाकत. पॅक-मॅनमध्ये सेल नाही, वीज गेली की सर्वाधिक गुणांचा आकडाही जातो. त्यामुळेच याचे बोर्ड इतके टिकले.

आता मॉनिटर. मिडवेने १९ इंची रंगीत मॉनिटर वापरले, त्यांत वेल्स-गार्डनरचे आणि इलेक्ट्रोहोमचे जी-०७ बरेच दिसतात. मॉनिटर पेटीत आडवा नाही, ९० अंशांत फिरवून उभा बसवलेला असतो, कारण चक्रव्यूह उंच आहे. दोष वाचताना हे विसरलं की गोंधळ होतो. इतर मशीनवर उभ्या दिशेचं सर्किट गेलं की पडद्यावर एक आडवी पांढरी रेघ उरते; इथे तीच रेघ उभी दिसते.

दोषांचं मूळ बहुतेक वेळा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांत असतं. त्यांतला द्रव वर्षांगणिक सुकतो, मग चित्र आकसतं, लाटांसारखं हलतं किंवा एका कडेला दुमडतं. एकेक कपॅसिटर मोजत बसण्यापेक्षा चॅसिसवरचे सगळे एकदम बदलणं शहाणपणाचं आहे. प्रत्येकाची धन-ऋण बाजू मात्र डोळ्यात तेल घालून पाहायची. त्याच वेळी भिंग घेऊन ड्राय सोल्डर शोधायचे. जड भागांच्या आणि कनेक्टरांच्या पायांभोवती सोल्डरमध्ये बारीक गोल चीर दिसते, ती पुन्हा तापवून नवं सोल्डर भरायचं. फ्लायबॅक, ज्याला आपले मेकॅनिक ईएचटी म्हणतात, त्याच्या अंगावर तडा असेल तर तो बदलायचा. चालू केल्यावर जी-०७ चा मुख्य पुरवठा बरोबर १२० व्होल्टवर लावायचा. तो जास्त ठेवून उजळ चित्र मिळवण्याचा मोह होतो, आणि त्यात ट्यूब आणि फ्लायबॅक दोन्ही लवकर संपतात. उजेड लावताना काळ्याकडे पाहायचं : पॅक-मॅनची पार्श्वभूमी खरोखर काळी दिसेल आणि निळ्या भिंती तिच्यातून स्वच्छ उठून येतील, तिथे थांबायचं.

या मशीनच्या ट्यूबवर एक खूण जवळपास ठरलेली असते. दिवसरात्र तोच चक्रव्यूह दाखवून फॉस्फर जळतो आणि मशीन बंद असतानाही काचेवर भिंतींची सावली दिसते. ती कशानेही जात नाही. त्याच मापाची, त्याच प्रकारच्या मानेची ट्यूब एखाद्या जुन्या टीव्हीतून मिळाली तर बदलता येते. पण डाग फिका असेल आणि रंग भरदार येत असतील तर मी मूळ ट्यूबच ठेवीन. खेळताना तो डाग भिंतींच्या मागेच लपतो. एलसीडी पडदा बसवण्याचा सल्ला मात्र मला पटत नाही. बाकीचं सगळं जपून शेवटी खेळाडूच्या डोळ्यांसमोरची वस्तूच बदलली, तर एवढा खटाटोप केला कशासाठी?

पेटीचं खरं नुकसान तळाशी असतं. तळघरात पाणी शिरतं, प्लायवूड असो की पार्टिकल बोर्ड, तळाचे दोन-चार इंच फुगतात आणि थर सुटतात. वरवर लांबी भरून रंग मारला तर एका पावसाळ्यात सगळं परत वर येतं. सडलेला भाग सरळ रेषेत, धडधाकट लाकूड लागेपर्यंत कापून काढायचा, त्याच जाडीचा, पाऊण इंची नवा तुकडा दुसऱ्या बाजूचा साचा धरून कापायचा आणि जोडात लाकडी खुंट्या घालून गोंदाने शिकंज्यात आवळायचा. लांबी भरायची ती फक्त जोडाच्या रेषेवर आणि ओरखड्यांत. फुटलेले कोपरे दोन भागांच्या पुट्टीने उभारता येतात, पण वजन पेलणाऱ्या जागी पुट्टी चालत नाही. पेटीच्या कडेने फिरणारी प्लास्टिकची पट्टी एका बारीक खाचेत ठोकून बसवलेली असते. ती खाच फाटली असेल तर इपॉक्सीने भरून, वाळल्यावर राउटरने पुन्हा पाडावी लागते. तळाला खाली बसणारे चार पाय नवे लावले की लाकूड जमिनीपासून वर राहतं आणि पुढचं पाणी त्याला सहज गाठत नाही.

बाजूच्या चित्रापाशी मात्र हात आखडता घ्यावा. पिवळ्या रंगावर स्टेन्सिलने मारलेलं ते मूळ चित्र ओरबाडलेलं असलं, कुणी नाव कोरलेलं असलं, तरी निम्म्याहून अधिक शाबूत असेल तर मी ते खरवडणार नाही. आधी सौम्य साबणाच्या पाण्याने एका कोपऱ्यात पुसून पाहायचं. सिगारेटच्या धुराचा पिवळसर थर निघाला की खालचा रंग बऱ्याचदा आश्चर्य वाटावा इतका ताजा निघतो. स्वयंपाकघरातले घासणारे स्पंज वापरले तर धुराबरोबर चित्रही जातं. नव्या लाकडाच्या भागापुरता रंग जुळवायचा असेल तर उन्हाने फिका झालेला रंग नमुना म्हणून घेऊ नये. कडेच्या पट्टीखाली किंवा कंट्रोल पॅनेलच्या ओठाखाली ऊन पोचलेलं नसतं, तिथे १९८० चा पिवळा जसाच्या तसा सापडतो. सगळंच गेलेलं असेल तर नव्याने रंगवण्याला पर्याय नाही. पण खरवडण्याआधी उरलेल्या आकृतीवर पारदर्शक कागद ठेवून रेषा उतरवून घ्यायच्या, म्हणजे विकत आणलेल्या स्टेन्सिलची जागा आणि माप तपासता येतं. रंगांचे थर पातळ मारायचे आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा. घाई केली तर स्टेन्सिल उचलताना खालचा रंगही उचलला जातो.

नाण्यांच्या दाराला गंज काढून काळा रंग, आतल्या यंत्रणेला सफाई, एवढं पुरतं. वरच्या नावाच्या पाटीमागे ट्यूबलाइट असते. तिथे एलईडी लावायला माझी हरकत नाही, तो दिसत नाही, तापत नाही आणि पाटीवरच्या शाईला कमी इजा करतो. पाटीच्या मागच्या बाजूने शाई सुटत असेल तर ती पुसू नये, कोरड्या मऊ ब्रशने फक्त धूळ काढावी.

शेवटी जॉयस्टिक, आणि इथे दुरुस्तीचा कस लागतो. पॅक-मॅनला खेळायचं बटणच नाही, सगळा खेळ चार दिशांच्या एका दांड्यावर आहे. त्याखाली धातूच्या पात्यांचे चार स्विच असतात, दांडा कलला की दोन पाती टेकतात. काळवंडलेली टोकं कोरा जाड कागद मध्ये धरून ओढून साफ करायची. कानस लावली तर वरचा चांगला थर निघून जातो. झिजलेलं रबर बदलायचं, नाहीतर दांडा मधोमध परत येत नाही. आठ दिशांचा आधुनिक दांडा बसवू नये, तिरका दाबला की एकदम दोन दिशा लागतात आणि पॅक-मॅन वळणावर चुकतो.

पात्यांमधलं अंतर इतकं महत्त्वाचं का, ते गेमच्या रचनेत आहे. वळणापर्यंत पोचण्याच्या किंचित आधी दिशा बदलली तर पॅक-मॅन कोपरा तिरका कापून जातो, भुतांना तसं कापता येत नाही. पाठीशी लागलेल्या भुतापासून सुटण्याचं चांगल्या खेळाडूचं हे मोठं हत्यार आहे. पातीचं अंतर थोडं जास्त राहिलं तरी दिशा उशिरा लागते, कोपरा कापला जात नाही आणि खेळाडूला वाटतं की आपलाच हात जड झाला. म्हणून पाती चिमट्याने वाकवून अंतर जुळवायचं, दांडा सोडल्यावर संपर्क स्पष्ट तुटतो आहे हे मल्टिमीटरने पाहायचं, आणि मग मशीन सलग तासभर चालू ठेवून खेळायचं. याच तासात ४४ पिनांचा कनेक्टर अधूनमधून तपासायचा : आधी मशीन बंद करून प्लग काढायचा, मगच त्याला बोटाने स्पर्श करायचा. तो कोमट असेल तर ठीक, गरम असेल तर काम अजून बाकी आहे. प्रत्येक दिशेची वळणं मुद्दाम घेऊन पाहायची. डावीकडचं वळण सहज मिळतंय आणि वरचं सुटतंय असं झालं, तर पॅनेल पुन्हा उघडून त्या एकाच पातीचं अंतर कमी करायचं आणि पुन्हा खेळून पाहायचं.